पाना, पकड आणि नवरा

ज्या माणसाला घरातला गळका नळसुद्धा नीट करता येत नाही तो नवरा म्हणून थोडा कमी वाटतो का, हा प्रश्न बायका एकमेकींना विचारतात. भिशीत विचारतात, डबा खाताना विचारतात, आणि मग "नाही गं, असं काही नसतं" म्हणून विषय बदलतात. मी बदलणार नाहीये. मला विचाराल तर ज्याला हे काम येतं तो माणूस आकर्षक वाटतोच. शर्टाच्या बाह्या वर करून, हातात पाना घेऊन सिंकखाली वाकलेला माणूस बघितला की दोन मिनिटं तिथेच उभं राहावंसं वाटतं मला, आणि यात लाजण्यासारखं काय आहे, कुणाला आवाज आवडतो, कुणाला उंची आवडते, मला कामात गुंतलेले हात आवडतात.

आणि ते का आवडतात याचाही मी खूप विचार केलाय. ताकद वगैरे नाही त्यात. नळाचं वायसर बदलायला ताकद लागतच नाही, लागतो तो धीर. आधी मेन कॉक बंद करायचा, नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्यायचं, मग आतली दांडी फिरवून बाहेर काढायची, जुनं चपटं झालेलं वायसर काढून ते ज्याच्यावर बसतं ती कड बोटाने चाचपून बघायची, कारण कडच खाल्ली गेली असेल तर नवीन वायसर घालूनसुद्धा गळणार आहे. टेफलॉन टेप आट्यांच्या दिशेनेच गुंडाळायची, उलटी गुंडाळली तर फिटिंग आवळताना ती सुटून येते. हे सगळं करणारा माणूस त्या वेळी घाईत नसतो, मोबाईल बघत नसतो, समोरची वस्तू बिघडलीये म्हणून चिडलेला नसतो. एखादी गोष्ट बिघडली म्हणजे आता संपलं असं न मानणारा माणूस सोबत असला की घरात वेगळंच निर्धास्त वाटतं, आणि तो निर्धास्तपणा म्हणजे आकर्षणच आहे की.

हे मला माहितीये कारण मी फिटरची मुलगी आहे. पप्पा नाशिकला सातपूरच्या एका कंपनीत होते, आम्ही तिथल्याच सिडकोत राहायचो, आणि आमच्या आसपासच्या निम्म्या घरांतले पप्पा असेच कुठल्या ना कुठल्या कंपनीत, कुणी सातपूरला, कुणी अंबडला, कुणी बसने ओझरला एचएएलमध्ये. फर्स्ट शिफ्ट करून दुपारी पप्पा घरी आले की चहाचा कप खाली ठेवायच्या आत कुणीतरी दारात हजर, "भाऊ, जरा मोटर बघता का, पाणी चढत नाहीये." मग ती पत्र्याची पेटी निघायची. पेटीत दहा-अकराचा पाना, बारा-तेराचा पाना, पकड, कानस, हॅक्सॉ ब्लेडचे तुकडे, इन्सुलेशन टेप, आणि एका जुन्या डब्यात सगळ्या मापांचे नटबोल्ट, ज्यातला एकही त्यांनी कधी टाकला नाही. त्यांचा हात लागला की वस्तू चालू व्हायची. लहानपणी मला वाटायचं सगळ्याच पुरुषांना हे येतं, जसं सगळ्यांना चालता येतं.

पण याच पप्पांना बॅटरी धरून उभं राहायचं म्हणजे आम्हा भावंडांच्या पोटात गोळा यायचा. "नीट धर! तिकडे नाही, इकडे! लक्ष कुठंय?" कामात डोकं गरम आणि सगळ्या घराने श्वास रोखलेला. आईने चुकून बाराच्या ऐवजी दहाचा पाना दिला की ऐकून घ्यायची ती. काम झालं की पप्पा हात धुऊन मोकळे, आणि फरशीवरचं काळं पाणी, गंजाचा भुगा, कापलेल्या पाईपचे तुकडे आई पुसत बसायची. जेवल्यावर स्वतःचं ताट त्यांनी कधी उचललं नाही. मी पप्पांवर खूप प्रेम करते, आजही करते, पण मला विचारलं की आईसाठी ते आकर्षक होते का, तर मी एवढंच म्हणेन की गल्लीतल्या बाकी बायकांना ते जास्त आकर्षक वाटत असतील, कारण त्यांच्या वाट्याला फक्त दुरुस्ती आली, पुसणं आलं नाही.

इथे एक आकडा सांगावासा वाटतो. सरकारने 2019 मध्ये देशभर वेळेच्या वापराचा सर्व्हे केला होता, त्यात घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ 299 मिनिटं आला आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांचा 97. म्हणजे पाच तास आणि दीड तास. आता नळ काही रोज गळत नाही, पंखा रोज बंद पडत नाही. दुरुस्ती हे महिन्यातून एखाद्या वेळेचं काम, झालं की सगळे वा म्हणतात, आणि पोळ्या रोजच्या, त्यांना वा कोण म्हणणार. म्हणून नुसत्या पाना-पकडीवर माणूस जोखायला गेलो की फसगत होते. महिन्यातून एकदा हिरो आणि बाकीचे दिवस पाहुणा, असे नवरे मी भरपूर बघितलेत.

अजून एक गोष्ट मला सारखी जाणवते. घरातल्या पुरुषाने घर दुरुस्त करायचं ही कल्पनाच आपल्याकडे फार जुनी नाही. आपल्या गावगाड्यात दुरुस्ती कुणाची? नांगर मोडला की सुताराकडे, फाळ झिजला की लोहाराकडे, आणि त्याचं बलुतं ठरलेलं. शहरात पण तेच. नाशिकला तांबट लेनमध्ये भांडी घडवायचे, दारावर कल्हईवाला यायचा, त्या नवसागराचा वास ज्यांनी घेतलाय त्यांना तो अजून आठवत असेल. पिंजारी यायचा, छत्रीवाला यायचा, पाट्याला टाकी लावायला वडार बायका यायच्या, डोक्यावर ओझं, हातात छिन्नी-हातोडी. दगडावर घाव घालणाऱ्या बाया होत्या त्या, आणि घरातला पुरुष झोपाळ्यावर बसून बघत असायचा. हाताचं काम जातीला बांधून टाकलं आणि ज्यांच्या वाट्याला ते आलं त्यांना खालचं मानलं, त्यामुळे ज्यांना आपण बरं घर म्हणतो तिथे हात काळे न होणं हीच मोठी गोष्ट झाली. परदेशात प्लंबरला बोलवायचं म्हणजे खिसा रिकामा होतो, तिथे माणसं स्वतः शिकतात कारण परवडत नाही. आपल्याकडे हाताला काम मागणारे पुष्कळ आणि मजुरी कमी, म्हणून शिकायची गरजच पडली नाही. आणि आता तिकडचे व्हिडिओ बघून आपण आपल्या नवऱ्याकडे बघतो, हा का नाही असा!

आणि बायकांनी केलेली दुरुस्ती तर आपण दुरुस्तीत धरतच नाही. माझी आजी पंपाच्या स्टोव्हला पिन मारायची, पंपाचं चामड्याचं वायसर काढून तेल लावून परत बसवायची, वातीच्या स्टोव्हच्या वाती बदलायची, वासावरून सांगायची कुठे गळतंय. आई कुकरची रिंग बदलते, शिट्टीचं भोक सुईने साफ करते, बर्नर सोड्याच्या पाण्यात उकळते, मिक्सरचा कपलर तुटला तर दुकानातून माप जुळवून आणते. जुन्या साड्यांच्या गोधड्या म्हणजे काय, दुरुस्तीच ना? पण आजीला "किती हुशार मेकॅनिक आहे" असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले. मागच्या वर्षीपासून माझ्या मावसबहिणीसाठी स्थळं बघणं चालू आहे. मावशीची यादी सगळ्यांच्या मावश्यांची असते तशीच, पुण्यात जॉब हवा, आयटी असेल तर उत्तम, स्वतःचा फ्लॅट, पॅकेज एवढं, आणि शेवटी आवाज खाली करून, "कंपनीतला नको बाई, मशीनवरचा." अहो पण मशीनवरच्याच माणसाच्या घरात आपण वाढलो! सातपूरला आयटीआय सिग्नलला सकाळी थांबून बघा, बॅगा घेऊन पोरं आत जाताना दिसतात, फिटर, टर्नर, वायरमन, वेल्डर. फिटरचा ट्रेड दोन वर्षांचा, त्यानंतर कंपनीत अप्रेंटिसशिप, एवढं सगळं करून या पोरांच्या हातात जे येतं ते आपल्याला घरात हवंय, पण जावई म्हणून तो पोरगा नकोय. मुलगी दाखवताना मुलाचे हात मऊ हवेत आणि लग्नानंतर सहा महिन्यांनी तीच मुलगी मैत्रिणीला सांगणार, याला साधा बल्ब बदलता येत नाही गं. मग त्याने काय करायचं? त्याच्या आईने त्याला आयुष्यभर हेच सांगितलं की तू अभ्यास कर, ते बघायला माणूस येईल, आणि त्या आईने ते सांगितलं कारण तिला माहीत होतं की लग्नाच्या बाजारात काय चालतं.

मावशीची भीती सगळीच खोटी आहे असं मी म्हणत नाही. पप्पांच्या वेळी कंपनी म्हणजे परमनंट नोकरी, बोनस, कॅन्टीन, रिटायर होईपर्यंत चिंता नाही. आता अंबडला जा नाहीतर सातपूरला, बरीच पोरं कॉन्ट्रॅक्टवर, काम तेच, मशीन तेच, पण उद्याची खात्री नाही. आईवडील घाबरणारच. पण मग भीती पगाराची आहे असं म्हणा ना, हाताला लागलेल्या ग्रीसची लाज कशाला वाटून घ्यायची.

माझा नवरा गंगापूर रोडच्या घरातला. सासरे बँकेत, घरात पुस्तकांची तीन कपाटं, आणि अख्ख्या घरात मिळून एक स्क्रू ड्रायव्हर, तोही शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये. लग्नानंतर एकदा गिझर लावला की मेनच ट्रिप व्हायला लागला. नवऱ्याने ते बटण वर केलं, परत पडलं, परत वर केलं, परत पडलं, मग तो माझ्याकडे बघायला लागला. खरं सांगते, त्या वेळी आत काहीतरी खट्टू झालं. पप्पांच्या जागी मी नकळत त्याला उभं करून बघितलं आणि तो तिथे बसेना. मी त्याला सांगितलं, आता ते वर करू नकोस, आरसीसीबी आहे ते, 30 मिलीअँपियर करंट कुठे लीक झाला तरी पडतं, म्हणजे बहुतेक गिझरचा एलिमेंट गेलाय, आपल्याकडे बोअरचं पाणी मिसळतं, क्षार बसून फुटला असेल. त्याने गिझरचा स्विच बंद केला, मेन वर करून बघितला, तो टिकला, आणि मग तो जे म्हणाला ते मी कधीच विसरणार नाही. "हे तुला कसं कळतं? मला सांग ना." फक्त एवढंच. पुरुष असून आपल्याला येत नाही याचा कुठेही राग नाही, लपवालपवी नाही.

गिझर आम्ही उघडला नाही, माणूस बोलावला, कारण पाणी आणि वीज एकत्र असेल तिथे अर्धवट माहितीने हात घालू नये असं पप्पांनी शिकवलंय. तसंच गॅसचं. वास आला की रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, कुठलंही बटण दाबायचं नाही आणि बाहेर येऊन 1906 ला फोन. इथे शहाणपणा दाखवणारा नवरा मला मुळीच आकर्षक वाटत नाही, भीती वाटते त्याची.

पण त्या माणसासाठी दुपारभर घरी कोण थांबलं? नवरा. "दहा मिनिटांत येतो" म्हणणाऱ्याला चार वेळा फोन कुणी केला, त्याला पाणी कुणी विचारलं, जुना एलिमेंट दाखव म्हणून कुणी सांगितलं, गॅरंटीचं बिल फाईलला कुणी लावलं? त्यानेच. आणि फरशी पुसून घेतली. काम करून घेणं हे पण काम आहे, आणि आपल्याकडे ते बहुतेक वेळा बाईच्याच डोक्यावर असतं, तिने रजा टाकायची, तिने आठवण ठेवायची, तिने दोनदा सांगितलं की ती कटकट करते. माझ्या एका मैत्रिणीच्या घरी बाथरूमचा नळ कित्येक महिने गळत होता. नवऱ्याला येत नाही, ठीक आहे. पण तो प्लंबर बोलावू देत नाही कारण "एवढ्याशा कामाचे पैसे कशाला द्यायचे", तिला हात लावू देत नाही कारण "तू बिघडवशील", आणि स्वतः करत नाही कारण रविवारी करणार आहे. खाली बादली. ती बादली रोज सकाळी भरलेली असते आणि मैत्रीण रोज सकाळी ती उचलते. तिने मला एकदा सांगितलं की आता त्याने हात धरला तरी मला ती बादली दिसते. आकर्षण तिथे मरतं. हे तिने माझ्यासमोर बसून सांगितलंय आणि ते सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून ज्यांना हा प्रश्न फालतू वाटतो त्यांना मी सांगते की तो फालतू नाहीये.

आणि उलटं पण बघा ना. ज्या बाईला हे काम येतं तिचं काय? मला बघायला लोक यायचे तेव्हा आई आधीच बजावून ठेवायची, ते वायरिंगचं वगैरे काही बोलू नकोस. स्वयंपाक येतो म्हण, भरतकाम येतं म्हण. मला पंख्याचा कपॅसिटर बदलता येतो ही गोष्ट लपवायची होती! सासूबाईंनी मला पहिल्यांदा स्टुलावर बघितलं तेव्हा त्या घाबरल्याच, उतर आधी म्हणाल्या. एप्रिलमध्ये, नाशिकचा पारा चाळीसला टेकलेला, बेडरूमचा पंखा इतका हळू फिरत होता की पाती मोजता यावीत. बहुतेक वेळा असं झालं की कपॅसिटर गेलेला असतो, अडीच मायक्रोफॅरडचा, हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतो. मी एमसीबी, म्हणजे वीज तोडणारं बोर्डावरचं बटण, पाडली, टेस्टरने बघितलं, जुना काढताना उघड्या टोकांना बोट लागू दिलं नाही कारण बटण बंद केल्यावरही त्यात चार्ज राहू शकतो, नवीन जोडला. खाली नवरा स्टूल धरून आणि बॅटरी धरून उभा होता, आणि बॅटरी त्याने अगदी नीट धरली होती, मी न सांगता हात जिकडे जाईल तिकडे उजेड नेत होता. पंखा फिरायला लागल्यावर त्याने ज्या नजरेने माझ्याकडे बघितलं ना, त्या नजरेने मी लहानपणी कुठल्याच बाईकडे कुणाला बघताना बघितलं नव्हतं. मग ही आवड फक्त बायकांनी पुरुषांबद्दल बाळगायची असं कुठे लिहिलंय?

पुढे पुढे हे कसब किती उपयोगाला येईल हेही एक आहेच. आता वायसरचे नळ जाऊन सिरॅमिक कार्ट्रिजचे आलेत, त्यात बदलायचं म्हणजे त्याच कंपनीचं त्याच मापाचं कार्ट्रिज मिळालं पाहिजे. नव्या, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी पंख्यात आत सर्किट बोर्ड, तिथे माझा अडीचचा कपॅसिटर काय करणार. वस्तू मुद्दामच उघडता येऊ नयेत अशा बनवतात. केंद्र सरकारने 2022 मध्ये राईट टू रिपेअरचं, म्हणजे वस्तू दुरुस्त करून घेण्याच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलं तेव्हा मी पप्पांना वाचून दाखवलं, ते म्हणाले, आधी स्क्रू तरी द्या म्हणावं, सगळं चिकटवून ठेवलंय.

तर मावसबहिणीकडे येते. तिने मला विचारलं होतं, "ताई, जिजूंना काहीच येत नाही, तुला कधी वाईट वाटत नाही का?" मी तिला हे सगळं सांगितलं, आणि एक सुचवलं, मुलाला भेटशील तेव्हा विचार, घरात नळ गळायला लागला तर तुमच्याकडे कोण बघतं? तिने विचारलं. पुण्याचा मुलगा म्हणाला, सोसायटीचा माणूस आहे, आई बघते ते. चांगला मुलगा आहे, पण त्याच्या घरात नळ गळतो हे त्याला माहीतच नसतं असं तिला वाटलं. दुसरा अंबडला मेंटेनन्सला आहे, ते स्थळ मावशीने जवळजवळ न सांगताच परत पाठवलं होतं. तो म्हणाला, "मीच करतो, पण माझी नाईट असली तर आईची अडचण होते म्हणून तिला मेन कॉक आणि एमसीबी दाखवून ठेवलंय, आता वायसर ती माझ्यापेक्षा लवकर बदलते." बहीण मला फोनवर हे सांगताना हसत होती, आणि ते हसणं मला ओळखू आलं.

मावशी म्हणते कॉन्ट्रॅक्टचं काय. बरोबर आहे, विचारा, पीएफ आहे का, परमनंट कधी होणार, सगळं विचारा. पण मशीनवरचा आहे म्हणून नाही म्हणू नका. रविवारी मी सिडकोत जाणार आहे तिच्याशी बोलायला आणि पप्पांनाही सोबत नेणार आहे, मावशीच्या घरातली निम्मी पाईपलाईन त्यांनीच टाकलीये. आणि माझ्या आजोबांनी थोरली मुलगी देताना गावभर अभिमानाने सांगितलं होतं, जावई नाशिकला कंपनीत फिटर आहे म्हणून, हे धाकटीला मी आठवण करून देणार आहे.